मारहाणीचा हिशेब कुणी मांडायचा?

ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झालं. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं सल्लागार मंडळ राज्यघटनेत आणावं का, असा प्रश्न होता. सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. त्यानंतर तिथल्या राजकारणात एक मागणी जोरात पुढे आली: या समाजांसाठी इतकी वर्षं जो पैसा जातोय, त्याचा हिशेब आधी द्या. मागणी रास्त आहे. करदात्याला ती करण्याचा हक्क आहे, आणि ज्या बाईच्या नावाने तो पैसा खर्च होतो तिला तर त्याहून जास्त. पण हा हिशेब मांडायचा कुणी, असं विचारलं की वाद बिघडतो, आणि कौटुंबिक हिंसेच्या मदतसेवांचा विषय निघाला की अगदीच बिघडतो. एक बाजू म्हणते, ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, संस्थांच्या कामाचं मूल्यमापन ॲबोरिजिनल माणसांनीच करायचं म्हणजे कुंपणाच्या भरवशावर शेत सोडून देणं. दुसरी बाजू म्हणते, बाहेरची फूटपट्टी घेऊन आमच्या दारात येऊच नका. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या आणि त्या सार्वमतात मत दिलेल्या मराठी मंडळींशी बोलताना हेच दोन पवित्रे पुन्हा पुन्हा ऐकू येतात. माझ्या मते दोन्ही बाजू मूळ मुद्दा चुकवतात. कौटुंबिक हिंसेच्या मदतसेवांचं मूल्यमापन त्या-त्या समाजातल्या लोकांच्या, आणि त्यातही बायकांच्या, नेतृत्वाखाली व्हायला हवं. यामागे शिष्टाचार नाही, इतिहासाची भरपाई करण्याची भावनाही नाही. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने केलेली मोजणी चुकते, एवढंच साधं कारण आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य व कल्याण संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार, कौटुंबिक हिंसेमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण मूळ रहिवासी स्त्रियांमध्ये इतर स्त्रियांच्या ३२ पट होतं. जुलै २०२० च्या ‘क्लोझिंग द गॅप’ या, मूळ रहिवासी आणि इतर यांच्यातली दरी मिटवण्याच्या, राष्ट्रीय करारात केंद्र आणि राज्य सरकारांनी सही करून कबूल केलं की २०३१ पर्यंत या स्त्रिया आणि मुलांवरची हिंसा निदान निम्म्याने कमी करू. करारातलं हे १३ वं उद्दिष्ट. त्याची सुरुवातीची रेघ २०१८-१९ च्या एका पाहणीवर आखलेली आहे: १५ वर्षांवरच्या ८.४ टक्के स्त्रियांनी शारीरिक मारहाण किंवा तिची धमकी अनुभवल्याचं सांगितलं होतं. करार होऊन वर्षं उलटत गेली तरी प्रगतीच्या तक्त्यात तोच एक आकडा बसून राहिला. निम्म्याने कमी करण्याचं वचन दिलं, आणि कमी होतंय की वाढतंय हे सांगणारी दुसरी मोजणीच हाताशी नाही. अशा वेळी सरकारी खाती साहजिकच सर्वात सोप्या आकड्याकडे वळतात: पोलिसांकडे किती तक्रारी आल्या.

इथेच खरी गोम आहे. तक्रारी कमी झाल्या म्हणजे मार कमी झाला, असं कुणी ठरवलं? तक्रार करायला गेलेल्या बाईचं पुढे काय होतं, यावर तो आकडा अवलंबून असतो. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीने नोंदवलं की १९१० ते १९७० या काळात तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांपैकी तीनातलं एक ते दहातलं एक मूल सरकारने आईबापांपासून तोडून नेलं होतं. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली, पण आजही सरकारी देखभालीखाली असलेल्या मुलांत ४० टक्क्यांहून जास्त मुलं याच समाजांतली आहेत, आणि देशातल्या एकूण मुलांत त्यांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. आता अशा घरातल्या बाईने फोन उचलून ‘नवरा मारतोय’ असं सांगायचं? त्या फोनमागोमाग बालकल्याण खात्याची माणसं दारात येतील, हे तिला आजीच्या अनुभवावरून माहीत आहे, आईच्याही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलँड इथे यामाजी या मूळ रहिवासी समाजातल्या २२ वर्षांच्या एका तरुणीच्या घरी पोलीस आले ते तिच्या जोडीदारावरच्या संरक्षण आदेशाच्या संदर्भात. त्यांनी तिलाच उचललं, कारण तिच्या नावावर न भरलेले दंड निघाले. जोडीदाराने पूर्वी मोडलेल्या बरगडीतून जंतुसंसर्ग पसरत होता, ती वेदनेने ओरडत होती, आणि ती नाटक करतेय असं कोठडीतल्या पोलिसांना वाटत राहिलं. दोन दिवसांत ती गेली. क्वीन्सलंडच्या कौटुंबिक हिंसाबळी आढावा मंडळाने २०१६-१७ च्या अहवालात लिहिलं की मारल्या गेलेल्या ज्या स्त्रियांची प्रकरणं तपासली, त्यांतल्या जवळपास निम्म्या पूर्वी कधीतरी संरक्षण आदेशाच्या प्रकरणात प्रतिवादी, म्हणजे हिंसा करणाऱ्या, म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. मूळ रहिवासी स्त्रियांच्या बाबतीत तर जवळजवळ सगळ्याच. ज्या दप्तरात मार खाणारीच मारणारी ठरते, त्या दप्तरातल्या आकड्यांवर मदतसेवेचं यश-अपयश ठरवायचं?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरदेशीचं वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या जन्मावरच शिक्का मारला, त्या फासेपारध्यांच्या पालावर आजही परिसरात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी थांबते. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, सवय गेली नाही. त्या पालावरची बाई नवऱ्याविरुद्ध ठाण्याची पायरी चढत नाही. म्हणून तिथे मारहाण नाही, असं कुणी शहाणा माणूस म्हणेल का?

चांगलं काम करणारी मदतसेवा बहुतेकदा सुरुवातीला तक्रारी वाढवते. बायकांना भरवसा वाटू लागतो, त्या बोलू लागतात, कुणीतरी सोबत येईल म्हणून ठाण्यात जाऊ लागतात. खात्याच्या तक्त्यात हे अपयश दिसतं. त्याउलट वाईट सेवेमुळे बायका गप्प बसल्या तर आलेख खाली येतो आणि अनुदान चालू राहतं. वर गेलेला किंवा खाली आलेला आकडा भरवशाचा की भीतीचा, हे त्या गावात राहणाऱ्या आणि त्या बायकांशी रोज बोलणाऱ्या माणसांनाच कळतं.

न्यू साउथ वेल्समधलं बर्क हे डार्लिंग नदीकाठचं छोटं गाव. तिथे मारंगुका नावाचा उपक्रम ॲबोरिजिनल नेतृत्वाने उभा केला. गुन्हा घडल्यावर तुरुंगावर होणारा खर्च गुन्हा घडण्याआधी माणसांवर करा, असा त्यामागचा विचार. तिथली रोजची सकाळची बैठक मला फार महत्त्वाची वाटते. पोलीस, मारंगुकाची माणसं आणि सेवा देणारे लोक एकत्र येतात, आदल्या २४ तासांत कुठल्या घरी काय घडलं ते मांडतात आणि आज कुणाच्या घरी कुणी जायचं ते ठरवतात. म्हणजे आकडा आठ महिन्यांनी राजधानीत छापला जात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी वापरात येतो. केपीएमजी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये केलेल्या परीक्षणात पोलिसांनी नोंदवलेल्या कौटुंबिक हिंसेच्या घटना २०१६ च्या तुलनेत २०१७ मध्ये २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. या आकड्याचं खूप कौतुक झालं. पण एका वर्षाची तुलना, लहान गाव आणि पोलिसी नोंद, एवढ्या आधारावर तो एकटा फार काही सिद्ध करत नाही, हे मान्य करायलाच हवं. त्याला वजन येतं ते गावाच्या माहितीमुळे: पोलीस आणि बायका यांच्यातलं बोलणं त्या काळात वाढलं होतं की तुटलं होतं? ही माहिती केपीएमजीच्या कार्यालयात तयार होत नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा. लहान समाजात सगळेच एकमेकांचे नातलग. जी मुलाखत घेणार तिचा मावसभाऊ मारणारा, आणि जिला मार बसला ती त्याच संस्थेत कामाला. खरं बोलणार कोण? संस्था एक-दोन घराण्यांच्या हातात असतात, आणि संस्कृतीच्या नावाखाली पुरुष आपली मुजोरी लपवतात. सिनेटर जसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस हे सगळं वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. त्या स्वतः वॉर्लपिरी या मूळ रहिवासी समाजातल्या आहेत, मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये वाढल्या आहेत, आणि त्यांच्या बोलण्यामागे स्वतःच्या नात्यातल्या बायकांचे मृत्यू आहेत. त्यांना ‘तिकडच्या’ ठरवून हा मुद्दा झटकता येत नाही. मराठी वाचक तर पुढचा प्रश्न लगेच विचारेल: मग आपल्या जातपंचायतींनाच बाईच्या अब्रूचा निवाडा करू द्यायचा का? सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्याला उगाच करावा लागला नाही.

मुद्दा खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. जातपंचायतीच्या विरोधात पहिल्यांदा कोण उभं राहिलं ते आठवा. कंजारभाट समाजातल्या लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीबद्दल २०१७-१८ मध्ये आवाज उठवला तो त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी, आणि त्यासाठी काहींनी मारही खाल्ला. ती चाचणी कुठे होते, पंच काय विचारतात, पैसे कुणाच्या हातात जातात, हे सगळं त्यांनीच बाहेर आणलं. बाहेरच्या संशोधकाला ते कुणी सांगितलंच नसतं. पोलीस नंतर आले. समाजाच्या हाती नेतृत्व देणं म्हणजे पंचांच्या हाती देणं, हे समीकरण आपण बाहेरून लादतो, कारण बाहेरून बघताना आपल्याला पंचच दिसतात.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या युएंडुमू गावातही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच घडलं. वॉर्लपिरी बायकांनी, त्यात आज्याही होत्या, रात्रीची गस्त सुरू केली. हातात लाकडी दंडुका, आणि गावात चोरून आणलेली दारू शोधून काढायची, पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला त्याच्या नात्याने हाक मारून दटावायचं, मार खाणाऱ्या बाईला सुरक्षित घरी न्यायचं. आपल्याकडच्या ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या बायका डोळ्यासमोर आणल्या तर त्यांचं बळ कशात होतं ते कळेल. पुढे २००७ नंतर या गस्तींचा पैसा केंद्राच्या खात्यातून येऊ लागला, २००८ पासून कारभार मोठ्या प्रादेशिक परिषदांकडे गेला, आणि गस्त हा कर्मचारी, गाडी आणि वेळापत्रक यांचा कार्यक्रम बनला. असा कार्यक्रम मोजायला सोपा असतो: किती फेऱ्या, किती माणसं घरी सोडली. म्हातारीने नातवाला नात्याने दटावल्यामुळे जी मारहाण झालीच नाही, तिला कुठल्या रकान्यात लिहायचं? ते लिहिता येत नाही म्हणून ते महत्त्वाचं नाही, असं खात्याने गृहीत धरलं तर काय होतं, ते या गस्तींनी दाखवून दिलं आहे.

नात्यागोत्याच्या अडचणीवर उपायही आहेत, आणि ते कुणी नव्याने शोधायचे नाहीत. सेवा देणारी संस्था आणि तिचं मूल्यमापन करणारा गट वेगळा ठेवायचा, एका गावाच्या कामाची पाहणी दुसऱ्या भाषागटाच्या बायकांकडून करून घ्यायची, मुलाखत कुणाला द्यायची ते बाईने ठरवायचं. व्हिक्टोरियातली जिरा ही ॲबोरिजिनल बायकांसाठी काम करणारी संस्था किंवा ॲलिस स्प्रिंग्जच्या वस्त्यांवरचा टँगन्टायर या संस्थेचा महिला गट, ही मारणाऱ्या पुरुषांवर पांघरूण घालणारी मंडळी नाहीत. हिंसेविरुद्ध सर्वात खणखणीत बोलणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावं लागतं.

आणि ‘स्वतंत्र’ म्हणवणाऱ्या मूल्यमापनाचं काय? खातं एक कार्यक्रम आखतं, पैसा देतं, मग एका सल्लागार कंपनीला निविदेवर नेमतं, प्रश्नावली मंजूर करतं, मुदत ठरवतं आणि अहवाल प्रसिद्ध करायचा की कपाटात ठेवायचा हेही तेच ठरवतं. पुढचं कंत्राट त्याच खात्याकडून हवं असलेली कंपनी स्वतंत्र, आणि ज्यांच्या घरात हिंसा घडते त्या बायका पक्षपाती? सेंटर फॉर इंडिपेंडंट स्टडीज या उजव्या विचारांच्या संस्थेनेच २०१६ मध्ये मोजलं होतं की मूळ रहिवाशांसाठीच्या १,०८२ कार्यक्रमांपैकी अवघ्या ८८ चं मूल्यमापन झालं होतं. हा आकडा नेहमी समाजाच्या संस्थांच्या विरोधात वापरला जातो. पण बाकीच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन न करण्याचा निर्णय त्या बायकांनी घेतला नव्हता.

इथे मला जोतीराव फुले आठवतात. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते खरं म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचं मूल्यमापनच होतं. खातं आपली महाविद्यालयं आणि पदवीधर मोजत होतं आणि समाधानी होतं. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असा त्याचा हिशेब. फुल्यांनी दुसराच प्रश्न विचारला: महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिकतं कोण? त्यांच्याकडे खात्यापेक्षा जास्त कारकून नव्हते, जास्त माहितीही नव्हती. पण कुठला रकाना दप्तरात नाही हे त्यांना दिसत होतं, कारण ते त्या रकान्याच्या बाजूचे होते. त्यांना कुणी ‘हितसंबंधी’ म्हणून बाजूला केलं असतं तर शिक्षणखात्याचं मूल्यमापन अधिक वस्तुनिष्ठ झालं असतं का?

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे आणि तोही गंभीर आहे. गोष्टी, गप्पा, वर्तुळात बसून झालेलं बोलणं यातून पुरावा कसा तयार होणार? दोन गट करा, एकाला सेवा द्या, दुसऱ्याला देऊ नका आणि फरक मोजा. औषधाच्या बाबतीत ही पद्धत उत्तमच आहे. पण ५०० वस्तीच्या गावात आश्रयगृहाबाहेर ठेवायच्या बायका कुठल्या? पहिल्या गटातलीच्या बहिणी. हे अमानुष आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण सेवा मिळालेली बाई रात्री न मिळालेल्या बहिणीला स्वतःच्या खोलीत झोपवते आणि तुलना तिथेच संपते. आकडे नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. रुग्णालयातल्या जखमांच्या नोंदी, मुलं आईकडेच राहिली की नेली गेली, न्यायालयाचा आदेश संपल्यावरही पुरुष समुपदेशनाला येत राहतात का, हे वर्षानुवर्षं मोजायलाच हवं. पण यातला कुठला आकडा कशाची खूण आहे हे ठरवायला आतली माणसं लागतात. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि एकूण स्त्रियांपैकी जेमतेम आठ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. डॉक्टर बाहेरचे होते, हे खरं. पण गावाचा विश्वास आधी, तपासणी नंतर, हा क्रम उलटा असता तर तो आकडा जगाला दिसलाच नसता. कठोर विज्ञान आणि लोकांचा भरवसा यांत निवड करावी लागते, हा समज तिथे खोटा ठरला.

समाजाला वगळून केलेल्या हिशेबाचं टोक ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये पाहिलं आहे. नॉर्दर्न टेरिटरीतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांनी केली. अहवालात ९७ शिफारशी होत्या, आणि पहिल्याच शिफारशीत बजावलं होतं की उपाय आखताना ॲबोरिजिनल लोकांशी खरीखुरी सल्लामसलत करा. २१ जूनला पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने त्याच अहवालाचा हवाला देत आणीबाणी जाहीर केली. सैन्याची मदत घेऊन पथकं वस्त्यांत उतरवली, वंशभेदविरोधी कायद्याचा अंमल त्या उपायांपुरता बाजूला ठेवला, आणि सल्लामसलत केली नाही. हिंसा खरी होती, मुलं खरोखर धोक्यात होती. म्हणूनच त्या पहिल्या शिफारशीला इतकं महत्त्व होतं. लष्कराची गाडी वस्तीत आलेली बघून जी आई पोरांना घेऊन झुडपात लपली असेल, ती पुढे कुठल्या सरकारी प्रश्नावलीला खरं उत्तर देणार होती?

दुसऱ्या बाजूलाही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचं आहे. ‘आमचं आम्ही बघू’ हे उत्तर मार खाणाऱ्या बाईच्या वतीने देण्याचा अधिकार कुणालाही नाही. समाजाच्या नेतृत्वाखालचं मूल्यमापन वाईट निकाल लपवणार असेल, तर ते खात्याच्या कपाटातल्या अहवालापेक्षा काडीने चांगलं नाही. सेवा चालत नसेल तर ती बंद करा असं लिहिण्याची ताकद त्या गटात हवी, आणि ते छापण्याचा हक्क करारातच लिहिलेला हवा. निकाल आधी त्या गावातल्या बायकांना, त्यांच्या भाषेत, समोर बसून सांगितला पाहिजे.

यासाठी नवी कल्पना कुणी काढायची गरज नाही. सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये मूळ रहिवाशांसंबंधी धोरणांच्या मूल्यमापनाची रीतसर रूपरेषा सरकारला दिली. त्या कामाच्या मध्यभागी रोमली मोकाक होते, आयोगाचे पहिले ॲबोरिजिनल आयुक्त. रूपरेषेचं मुख्य सूत्र हेच की मूळ रहिवासी लोक, त्यांची प्राधान्यं आणि त्यांचं ज्ञान मध्यभागी ठेवा. काम खात्यांच्या मर्जीवर राहू नये म्हणून त्यांनी स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय आणि मूळ रहिवाशांची बहुसंख्या असलेली परिषदही सुचवली होती. २०२३ मध्ये सरकारने एक मूल्यमापन केंद्र काढलं खरं, पण ते अर्थखात्यात. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच आयोगाने ‘क्लोझिंग द गॅप’चा आढावा घेतला तेव्हा लिहिलं की सरकारांनी कबूल केलेल्या सुधारणा बहुतांशी झालेल्या नाहीत, खाती जुन्याच रीतीने चालली आहेत. गावपातळीची माहिती गावाच्या हाती देण्याचं वचनही त्या न झालेल्या सुधारणांत आहे.

हिशेब मागणाऱ्यांनी पहिली मागणी हीच करायला हवी होती. प्रत्येक मदतसेवेच्या करारात पहिल्या दिवसापासून मूल्यमापनाचे पैसे वेगळे काढा, ते समाजातल्या बायकांच्या गटाच्या ताब्यात द्या, पोलिसांची आणि रुग्णालयांची गावपातळीवरची माहिती, नावं गाळून, त्यांना दर तिमाहीला द्या, आणि त्यांनी लिहिलेला अहवाल मंत्र्याच्या संमतीविना प्रसिद्ध होऊ द्या. १३ व्या उद्दिष्टाची मुदत २०३१ ला संपते. बर्कमध्ये आदल्या रात्रीचा हिशेब दुसऱ्या सकाळी होतो. बाकीच्या देशाला त्यासाठी आणखी किती वर्षं हवी आहेत?